अडून बसलेला ऑक्सिजन सेन्सर

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील या गॅरेजमध्ये लिफ्टवर चढवलेल्या पेट्रोल गाडीच्या पाटीवर एमएच-०४ अशी अक्षरे आहेत आणि पंधरा वर्षांची मुदत संपल्यावर तिची फेरनोंदणीही झालेली आहे. चेक इंजिनचा दिवा विझत नाही, ॲव्हरेज उतरले आहे आणि पीयूसीच्या चाचणीत कार्बन मोनॉक्साइड मर्यादेबाहेर गेला आहे. संशय ऑक्सिजन सेन्सरवर आहे. परंतु केवळ संशयावरून सुटा भाग बदलणे महागात पडते, म्हणून मेस्त्रींनी पान्याला हात लावण्याआधी गाडीच्या संगणकात नोंदलेले दोष वाचणारा स्कॅनर जोडला आहे.

हा सेन्सर इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूत किती ऑक्सिजन उरला आहे हे पाहतो. त्याच्या टोकाशी झिर्कोनियम डायऑक्साइडची पोकळ चिनीमाती असते. तिच्या बाहेरून जळालेले वायू वाहतात आणि आत बाहेरची स्वच्छ हवा असते. सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापल्यावर या दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनमधील फरकामुळे तिच्यात विद्युतदाब निर्माण होतो. एक किलो पेट्रोल नीट जळण्यासाठी साधारण १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल जास्त झाले की दाब ०.९ व्होल्टच्या आसपास चढतो, हवा जास्त झाली की ०.१ व्होल्टपर्यंत उतरतो, आणि निरोगी सेन्सरचा आकडा या दोहोंमध्ये सतत वरखाली होत राहतो. १९७६ साली बॉशने हे तंत्र प्रथम अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या व्होल्वो गाड्यांसाठी आणले. शिसेयुक्त पेट्रोलमध्ये हा सेन्सर टिकत नाही, कारण शिसे त्याच्या टोकावर बसते. आपल्याकडे तसे पेट्रोल फेब्रुवारी २००० पासून देशभर बंद झाले.

या गाडीत स्कॅनरने दोष दाखवला आहे तो सेन्सरच्या हीटरचा. चिनीमाती लवकर तापावी म्हणून आत बसवलेल्या या हीटरला थंड असताना काही ओहम रोध असायला हवा. येथे मीटरवर सर्किट तुटलेले दिसते. फ्यूज शाबूत आहे. सेन्सर ज्यावर बसतो त्या मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनातून निघणारे जळालेले वायू गोळा करणाऱ्या लोखंडी नळीच्या, सांध्यातील गॅस्केटमधून सेन्सरच्या आधी गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि चांगला सेन्सरही खोटे सांगतो, म्हणून तीही तपासून झाली आहे. आता सेन्सर काढणे क्रमप्राप्त आहे, आणि खरी अडचण येथेच सुरू होते.

सेन्सरचे आटे १८ मिलिमीटर व्यासाचे, दीड मिलिमीटर अंतराचे असतात आणि ते मॅनिफोल्डच्या लोखंडात वर्षानुवर्षे तापत आणि निवत राहतात. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापत असल्याने आट्यांमधली फट भरून जाते. घोडबंदर रस्त्यावरची पावसाळ्यातली तुंबलेली वाहतूक, खाडीकडून येणारी दमट खारी हवा आणि एक्झॉस्ट पुरेसा तापायच्या आत संपणाऱ्या छोट्या फेऱ्या, या सगळ्यांनी त्या गंजाला खतपाणी घातले आहे. अशा वेळी पान्याला लांब पाइप लावून जोर करणे हा सर्वांत धोक्याचा मार्ग आहे. सेन्सर गेला तर नवा मिळतो. मॅनिफोल्डचे आटे उखडले तर काम गॅरेजमधून वेल्डिंगच्या दुकानात जाते.

मेस्त्रींनी आदल्या संध्याकाळीच, मॅनिफोल्ड थंड असताना, आट्यांच्या मुळाशी गंज सोडवणारे तेल सोडून ठेवले होते. तापलेल्या मॅनिफोल्डवर ते कधीही फवारू नये. ते पेट घेऊ शकते. आज इंजिन थोडा वेळ चालवून बंद केले, बॅटरीची ऋण तार काढली, सेन्सरचा प्लग सोडवला. तारेसाठी खाच असलेला खास सॉकेट पाना जोर पडताच फाकतो आणि सेन्सरचे कोपरे गोल करतो. हा सेन्सर तसाही टाकायचा असल्याने मेस्त्रींनी त्याच्या तारा सरळ कापल्या आणि बावीस मिलिमीटरचा बंद सॉकेट चढवला. माझ्या मते या साऱ्या कामातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय हाच आहे. सेन्सर तरीही हलला नाही, तेव्हा पेट्रोलच्या नळ्या आणि वायरी झाकून, आग विझवण्याचे साधन शेजारी ठेवून, गॅसची ज्योत सेन्सरवर नव्हे तर त्याच्या भोवतालच्या लोखंडावर धरली. बाहेरचे लोखंड फुगले की गंजाची पकड तुटते. आधी किंचित आवळायचे, मग सोडवायचे. पाव फेरा पुढे, थोडे मागे, पुन्हा तेल. आट्यांतून चरचर वाढू लागली की थांबायचे. नुसता जोर लावून सेन्सर काढणारा हात आट्यांचा हा आवाज ऐकत नाही.

निघालेल्या सेन्सरच्या टोकावर मऊ काळी काजळी आहे, म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त होते. पांढरट थर असता तर इंजिन थंड ठेवणारे द्रव (कूलंट) जळत आहे की कोणी साधे सिलिकॉन सीलंट वापरले आहे, याचा शोध घ्यावा लागला असता, कारण त्या स्थितीत नवा सेन्सरही लवकरच निकामी झाला असता. मॅनिफोल्डच्या आट्यांतून त्याच मापाचा टॅप, म्हणजे आटे पाडायचे हत्यार, हलक्या हाताने फिरवून गंजाचा चुरा साफ केला आहे.

नव्या सेन्सरच्या आट्यांना जाम न होऊ देणारी पेस्ट बहुधा कारखान्यातच लावलेली असते. नसल्यास ती फक्त आट्यांवर लावावी, टोकाला लागू देऊ नये. सेन्सर आधी हाताने बसवून, मग कंपनीने दिलेल्या मापाने, साधारण ४० ते ५० न्यूटन-मीटर, आवळतात आणि प्लग शेवटी जोडतात, म्हणजे तारेला पीळ पडत नाही. अनेक सेन्सर आतली स्वच्छ हवा तारांमधूनच घेतात, म्हणून त्यांच्या प्लगमध्ये ग्रीस भरू नये. प्लग नसलेला सर्वसाधारण सेन्सर तारा जोडून बसवायचा असेल, तर रंगांवर विसंबू नये: एका कंपनीत हीटरच्या दोन्ही तारा पांढऱ्या असतात, तर दुसरीत काळ्या.

इंजिन सुरू झाल्यावर स्कॅनरवरचा आकडा काही वेळात वरखाली होऊ लागला आहे आणि जुना दोष पुसून टाकला आहे. गाडीचा संगणक मधल्या काळात शिकलेले पेट्रोलचे प्रमाण हळूहळू सुधारेल, म्हणून ॲव्हरेजचा हिशेब पहिल्या दिवशी न करता टाकी दोनदा पूर्ण भरून करावा आणि पीयूसीची चाचणी इंजिन नीट तापल्यावरच घ्यावी.