कपाशीचं गहाणखत आणि एक टक्का व्याज

श्रोतेहो, नमस्कार. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या तीस वर्षांतली अमेरिका म्हटली की रेल्वेचे सम्राट, पोलाद-तेलाचे धनाढ्य आणि न्यूयॉर्कचे वाडे हेच डोळ्यांपुढे येतं. आज आपण त्याच देशातल्या दक्षिणेच्या एका दुकानात जाऊ. तिथल्या कापूस उत्पादकाचं वर्ष या दुकानात सुरू व्हायचं आणि तिथेच संपायचं.

यादवी युद्ध 1865 मध्ये संपलं तेव्हा दक्षिणेतल्या बँका बुडालेल्या होत्या. नव्या कायद्याप्रमाणे राष्ट्रीय बँक काढायची तर लहान गावातसुद्धा निदान 50,000 डॉलर भांडवल लागायचं, आणि अशा बँकेला जमीन तारण घेऊन कर्ज देता येत नसे. शेतकऱ्यापाशी तर जमिनीशिवाय दुसरं काही नव्हतं, आणि कुळापाशी तीही नव्हती. मग उरला गावचा दुकानदार. पेरणीआधीच शेतकरी त्याच्याकडे जाऊन न उगवलेलं पीक लिहून द्यायचा. कागद काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, कचेरीत नोंदवला जायचा. त्यानंतर दुसरा कोणताही दुकानदार त्याला उधार देत नसे, कारण पिकावर पहिला हक्क आधीच लागलेला असायचा.

दुकानात प्रत्येक मालाचे दोन भाव असत, एक रोखीचा आणि एक खात्यावरचा. समजा, मे महिन्यात 10 डॉलरचं मक्याचं पीठ, खारवलेलं डुकराचं मांस आणि खत नेलं. वहीत साडेबारा डॉलर पडायचे. हिशेब नोव्हेंबरात, म्हणजे सहा महिन्यांत 25 टक्के, वर्षाला 50. बरेच दुकानदार वर आणखी व्याज लावत. वहीही त्यांचीच, वजनकाटाही त्यांचाच. कापूस विकून खातं फिटलं नाही, की बाकी पुढच्या वर्षीच्या पिकावर चढायची आणि त्याच दुकानाशी आणखी एक वर्ष बांधलं जायचं.

मग मका का लावत नव्हते? दुकानदार लावू देत नसे. कापूस कुजत नाही, घरात खाऊन संपत नाही आणि कधीही विकला जातो, म्हणून त्याला तारण म्हणून कापूसच हवा असे. परिणामी शेतकरी कापूस पिकवायचा आणि पोटासाठी उत्तरेतून आलेला मका चढ्या भावानं विकत घ्यायचा. सगळ्यांनीच कापूस लावल्यावर भाव पडणारच. 1870 च्या सुमारास पौंडाला दहा-बारा सेंटांच्या वर असलेला कापूस 1894 मध्ये पाच सेंटांच्या आसपास आला. त्यात सरकारनं चलन सोन्याला बांधलेलं. माल आणि माणसं वाढत गेली, पैसा त्या मानानं वाढला नाही, आणि डॉलर जड होत गेला तसं जुनं कर्जही जड होत गेलं. शेतकरी आळशी आहे असं तेव्हाची शहरी वर्तमानपत्रं म्हणत. वर दिलेला हिशेब मांडायची तसदी त्यांतल्या थोड्यांनीच घेतली असेल.

अमेरिकेच्या याच यादवी युद्धानं आपल्याकडचं चित्रही हलवलं होतं. दक्षिणेचा कापूस बंद झाल्यावर मुंबईत भाव कडाडले, 1865 नंतर ते कोसळले, उधारी आटली, आणि 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात सावकारांचे कर्जरोखे जाळले गेले. टेक्सासनं वेगळी वाट धरली. 1877 मध्ये लॅम्पासस काउंटीत सुरू झालेल्या फार्मर्स अलायन्स या शेतकरी संघटनेनं दहा वर्षांनी डलासला स्वतःची खरेदी-विक्री पेढी काढली. योजना अशी: जमीनवाले आणि कुळं एकत्र येऊन सामाईक हमीच्या चिठ्ठ्या लिहून देतील, त्या बँकेत ठेवून पेढी कर्ज काढेल आणि माल घाऊक भावात आणेल. चिठ्ठ्या आल्या, पण बँकांनी त्यांवर कर्ज द्यायला नकार दिला. पेढी वाचवायला 9 जून 1888 रोजी टेक्सासभर काउंटीच्या कचेऱ्यांसमोर सभा भरल्या, वर्गणी जमली, तरी पुढच्या वर्षी पेढी मोडली.

बारदानाची लढाई मात्र त्यांनी जिंकली. कापसाची गाठ साधारण 500 पौंडांची आणि तिला सहा-सात यार्ड तागाचं बारदान लागायचं. ताग बंगालचा. कारखानदारांनी 1888 मध्ये संगनमत करून बारदानाचा भाव जवळजवळ दुप्पट केला. अलायन्सनं ठरवलं, गाठी सुती कापडात बांधायच्या. अडचण वेगळ्याच ठिकाणी निघाली. लिव्हरपूलच्या बाजारात एकूण वजनातून बारदानापोटी ठरावीक टक्के कापले जात. सुती कापड तागापेक्षा हलकं, म्हणून कपात तेवढीच राहून शेतकऱ्याचा निव्वळ कापूसच कापला जायचा. त्यासाठी वेगळी सूट मिळवावी लागली. तागवाल्यांना शेवटी भाव उतरवावा लागला.

डिसेंबर 1889 मध्ये सेंट लुईसच्या अधिवेशनात अलायन्सचे नेते चार्ल्स मॅक्यून यांनी खरा मुद्दा मांडला: सुगीत सगळे एकदम विकतात म्हणून भाव पडतो, तर थांबायची ताकद सरकारनं द्यावी. ज्या काउंटीत वर्षाला पाच लाख डॉलरचा शेतमाल विकला जातो तिथे सरकारी गोदाम. माल ठेवा, पावती घ्या, किमतीच्या 80 टक्के रक्कम 1 टक्का व्याजानं कागदी नोटांत उचला, बारा महिन्यांत केव्हाही विका. नाही विकला तर लिलाव. आपल्या पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत बहुतेक मालावर 75 टक्के, 6 टक्के व्याज आणि 180 दिवस असतात, हे ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना ठाऊक असेल. मॅक्यूनच्या योजनेत एक भोक होतं: ज्याचं पीक आधीच दुकानदाराला लिहून दिलेलं, तो गोदामात काय ठेवणार?

काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, या योजनेचं विधेयक मतदानापर्यंत पोचलंच नाही. नॉर्थ कॅरोलिनाचे सिनेटर, म्हणजे वरिष्ठ सभागृहाचे सदस्य, व्हॅन्स यांनी ते मांडलं आणि नंतर पाठिंबा द्यायला नकार दिला. सिनेटर तेव्हा राज्यांच्या विधिमंडळांतून निवडले जात आणि आमदारांच्या खिशात रेल्वेचे फुकट पास असत. 1872 मध्ये क्रेडिट मोबिलियर प्रकरणात तर युनियन पॅसिफिक रेल्वेच्या बांधकाम कंपनीचे शेअर काँग्रेस सदस्यांना सवलतीत वाटल्याचं उघड झालं होतं. म्हणून 1892 मध्ये ओमाहाला जमलेल्या, या चळवळीतून निघालेल्या पीपल्स पार्टीनं गोदामांबरोबर गुप्त मतदान, उत्पन्नावर चढता कर, रेल्वेची सरकारी मालकी आणि सिनेटरांची थेट निवडणूकही मागितली. त्यांचे अध्यक्षपदाचे उमेदवार जेम्स वीव्हर यांना दहा लाखांवर मतं पडली. जॉर्जियात ऑगस्टा शहरात मात्र पात्र मतदारांपेक्षा जास्त मतं मोजली गेली आणि पक्षाचे काँग्रेससाठीचे उमेदवार टॉम वॉटसन हरले.

चळवळीचं स्वतःचं पापही आहे. काळ्या शेतकऱ्यांची अलायन्स वेगळी होती. तिच्या वेचणीवाल्यांनी 1891 मध्ये शंभर पौंडांना एक डॉलर मजुरी मागितली. गोऱ्या अलायन्सचे कितीतरी सभासद स्वतः मजूर लावणारे, त्यांनी साथ दिली नाही. आर्कान्साच्या ली काउंटीत हा संप माणसं मारून मोडला गेला.

1896 नंतर पक्ष विरला. उत्पन्न कर आणि सिनेटरांची थेट निवडणूक दोन्ही 1913 मध्ये आल्या. कापसावर तारण कर्ज 1933 मध्ये आलं, पौंडाला 10 सेंट, न फेडल्यास माल सरकारचा. ते मालाच्या मालकाला मिळायचं. वाट्यानं कसणाऱ्या कुळाच्या कापसाचा हिशेब तेव्हाही जमीनमालकाच्याच वहीत होत होता.