मायफळाची शाई आणि बोथट गिरमिट

मंडळी, बेंजामिन थॉम्पसन, म्हणजे पुढे काउंट रम्फर्ड म्हणून गाजलेला शास्त्रज्ञ. त्याची ओळख तोफेच्या प्रयोगापासून करून देतात. मी सुरुवात एका पत्रापासून करतो.

तारीख ६ मे १७७५, गाव मॅसॅच्युसेट्समधलं वोबर्न. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध जिथून पेटलं ती लेक्सिंग्टनची चकमक होऊन तीन आठवडेही झाले नव्हते, आणि बॉस्टनमधले इंग्रज वेढ्यात अडकले होते. कागदावर दिसायला चार ओळींचा साधा निरोप. उरलेल्या कोऱ्या जागेत न दिसणारा मजकूर: न्यू इंग्लंडच्या चार वसाहती मिळून ३०,००० फौज उभी करणार, त्यात मॅसॅच्युसेट्सचा वाटा १३,६००. हे पत्र इंग्रज सेनापती गेजच्या दप्तरात सापडलं. सही नाही, हस्ताक्षर आणि मजकूर ताडून ते थॉम्पसनचं ठरवलं गेलं.

ही शाई करायला सोपी. मायफळं कुटून पाण्यात भिजवायची आणि गाळून निवळ घ्यायची. त्यातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, कागदावर वाळलं की जवळपास दिसत नाही. वाचणाऱ्याने वरून हिराकशीचं, म्हणजे लोखंडाच्या क्षाराचं, पाणी फिरवलं की हवा लागून अक्षरं काळी पडतात. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस एकत्र करून काळी शाई करत, तीच ही जोडी; हेराने फक्त दोघांची भेट लांबवली. पाणी दाट झालं तर कागदावर पिवळट डाग उठतो. लोखंडी भांड्यात भिजवलं तर शाई लिहिण्याआधीच काळी.

पत्र लिहिलं तेव्हा थॉम्पसन २२ वर्षांचा होता. बायको आणि तान्ही मुलगी मागे ठेवून तो इंग्रजांकडे गेला; बायकोची भेट पुन्हा कधीच झाली नाही. १७८२ च्या हिवाळ्यात लाँग आयलंडवरच्या हंटिंग्टनमध्ये त्याच्या पलटणीने गावाच्या स्मशानभूमीवर किल्ला बांधला. थडग्यांचे दगड भट्ट्यांना लावले. पावांच्या बुडाला मेलेल्यांची नावं उमटत, असं तिथे अजून सांगतात. युद्धाची गरज म्हणून हे खपवून घेता येत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. इंग्रज हरलेच होते, तहाच्या वाटाघाटी चालू होत्या.

हाच माणूस म्युनिकला जाऊन भिकाऱ्यांसाठी कामशाळा काढतो आणि स्वस्त सूप बसवतो. आधी जव, मग वाटाणे, मंद आचेवर शिजवत शेवटी बटाटे, मग मीठ आणि व्हिनेगर. शिळ्या पावाचे तुकडे वाढताना घालायचे, म्हणजे चावावं लागतं. पाणीच पोषण करतं ही त्याची समजूत मात्र साफ चुकीची होती.

आता तोफ. तिची नळी गिरमिटाने कोरताना धातू तापतो. त्या काळी उष्णता हा एक द्रव मानत; धातू तासला की तो बाहेर पडतो, असा समज. म्युनिकच्या शस्त्रशाळेत थॉम्पसनने मुद्दाम बोथट गिरमिट घेतलं. ते सुमारे १०,००० पौंड जोराने तोफेच्या ओतकामातल्या पितळी ठोकळ्यावर दाबलं आणि घोड्यांकरवी ठोकळा मिनिटाला ३२ फेरे फिरवला. पहिल्या प्रयोगात अर्ध्या तासात ठोकळा ६० वरून १३० अंश फॅरनहाइटवर गेला. चुरा पडला जेमतेम ५४ ग्रॅम. बोथट पात्याचं महत्त्व इथेच आहे. एवढ्याशा चुऱ्यातून ५१ किलो धातू तापवणारा द्रव निघेल कसा? मग ठोकळ्याभोवती पेटी बसवून १८.७७ पौंड पाणी भरलं. तासाभरात १०७ अंश, दोन तासांनी १७८, अडीच तासांनी विस्तवाशिवाय पाणी उकळलं. घोडे फिरतात तोवर उष्णता संपत नाही. मग उष्णता हा पदार्थ असूच शकत नाही. घोड्याच्या किती कामाला किती उष्णता, हा हिशेब राहिला. तो पुढे इंग्रज शास्त्रज्ञ जूलने केला. पेटीतून बाहेर निसटणारी उष्णताही या आकड्यांत धरलेली नाही.

पत्रातले १३,६०० आणि या प्रयोगातले १८.७७, दोन्हींमागे एकच सवय दिसते: जे बघायचं ते मोजून ठेवायचं. तिचा आदर आणि हंटिंग्टनचा राग, मला दोन्ही एकत्रच ठेवावे लागतात.

१७९६ मध्ये त्याने बॉस्टनच्या अमेरिकन अकादमीला उष्णता आणि प्रकाशावरच्या बक्षिसासाठी ५,००० डॉलर दिले. १७९९ मध्ये तर राष्ट्राध्यक्ष ॲडम्सच्या सरकारने त्याला लष्करी अकादमीची सूत्रं देऊ केली. त्याने नकार दिला. तोवर ते पत्र गेजच्या कागदांत पडून होतं. विसाव्या शतकात हे कागद मिशिगनला आले, तेव्हा ते अभ्यासकांच्या हाती लागलं.