एकाच गाठीचे दोन रिपोर्ट वेगळे कसे?

नमस्कार. समजा, गर्भाशयमुखाच्या एकाच गाठीतून दोन तुकडे घेतले. एकाचा रिपोर्ट आला स्क्वेमस कार्सिनोमा, म्हणजे आवरणाच्या चपट्या पेशींचा कॅन्सर, दुसऱ्याचा सार्कोमा, म्हणजे स्नायूंसारख्या आधार देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. चुकलं कोण? कदाचित कुणीच नाही. गाठच मिश्र असू शकते.

गर्भाशयमुखाचे बहुतेक कॅन्सर स्क्वेमस पेशींचे असतात, त्याखालोखाल ग्रंथींच्या पेशींचे, म्हणजे अडिनोकार्सिनोमा. दोन्ही एकत्र आले की अडिनोस्क्वेमस. मिश्र गाठींत त्यातल्या त्यात हाच नेहमीचा, आणि उपचारही साधारण नेहमीच्याच वाटेने जातात.

कार्सिनोसार्कोमा, म्हणजे कार्सिनोमा आणि सार्कोमा एकाच गाठीत, मात्र फारच दुर्मीळ. बहुतेकदा पाळी गेलेल्या बायकांत आढळतो. अंगावरून रक्त जातं, तपासताना गर्भाशयमुखातून बाहेर डोकावणारी मांसल गाठ दिसते. वाटतं, पॉलिप, म्हणजे साधा मांसल कोंब असेल. म्हणून काढलेला प्रत्येक पॉलिप लॅबमध्ये गेलाच पाहिजे, अगदी साधा दिसला तरी. शिवाय हा कॅन्सर मुळात गर्भाशयात जास्त होतो. त्यामुळे गाठ तिथूनच खाली उतरलेली नाही ना, हे एमआरआय आणि आतल्या अस्तराचा नमुना घेऊन पाहावं लागतं.

पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची चाचणी नॉर्मल होती, मग हे कसं? अहो, त्यात फक्त पृष्ठभागावरच्या सुट्या पेशी येतात. खोलवर काय आहे ते त्यात दिसेलच असं नाही. लहानशा बायोप्सीचंही तेच: सुई किंवा चिमटा जिथे लागला, तेवढंच कळतं.

सगळ्यात जास्त धास्ती न्यूरोएंडोक्राइन भागाची, म्हणजे मज्जापेशी आणि हार्मोन बनवणाऱ्या पेशींसारखे गुण असलेल्या कॅन्सर पेशींची. अडिनोकार्सिनोमाच्या आड लहान पेशींचा एखादा पुंजका लपलेला असतो. तो थोडासाच असला तरी उपचार त्याच्याच हिशोबाने ठरतात, कारण तो रक्तावाटे लवकर पसरतो. त्याला हुडकायला सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन, सीडी५६ असे मार्कर, म्हणजे पेशींची ओळख पटवणाऱ्या रंग-चाचण्या लावतात. नुसत्या पी१६ या मार्करवर विसंबून चालत नाही. तो दोन्ही भागांत पॉझिटिव्ह येऊ शकतो.

आता उपचार. गाठ लहान, गर्भाशयमुखापुरतीच असेल तर रॅडिकल हिस्टरेक्टॉमी, म्हणजे गर्भाशय आणि आजूबाजूचा भाग काढण्याचं ऑपरेशन, सोबत लिम्फ नोड्सची तपासणी. पुढे गेली असेल तर रेडिएशन, त्याबरोबर बहुधा दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध, आणि शेवटी आतून दिलेलं रेडिएशन, म्हणजे ब्रॅकीथेरपी. न्यूरोएंडोक्राइन भाग निघाला तर सिस्प्लॅटिनच्या जोडीला एटोपोसाइड हे दुसरं केमोचं औषध येतं, आणि ऑपरेशन नीट पार पडलं तरी केमो सहसा टळत नाही. कार्सिनोसार्कोमावर मोठ्या चाचण्याच नाहीत, इतके कमी रुग्ण. तिथे गर्भाशयाच्या कार्सिनोसार्कोमाच्या अनुभवावरून केमो ठरवली जाते, म्हणून अशी केस ट्यूमर बोर्डापुढे, म्हणजे वेगवेगळ्या कॅन्सरतज्ज्ञांच्या एकत्र बैठकीपुढे जावी असं माझं ठाम मत आहे.

दुसरं मत घेताना नुसता रिपोर्ट नेऊ नका. स्लाइड्स न्या, आणि ज्यात तुमचा तुकडा जपून ठेवलेला असतो ते मेणाचे ब्लॉकही मागून घ्या. नवे मार्कर लावायचे तर ताजे काप त्या ब्लॉकमधूनच निघतात. लॅब ते देते, सही करून घ्या म्हणजे झालं.