चार पक्षी, शंभर रुपये

(दृश्य: पहाट. दोयांग जलाशय. झाडांवरून उठणारे ससाणे. सुरुवातीला निवेदन नाही, फक्त पक्ष्यांचा आवाज.)

वोखा जिल्हा, नागालँड. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा. नुकतेच पाच वाजून गेलेत. महाराष्ट्रात अजून मिट्ट काळोख असेल, इथे मात्र पान न् पान दिसायला लागलंय.

हे अमूर ससाणे. वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे आपल्या पारव्याच्या साधारण निम्मं. यांची वीण होते आग्नेय सैबेरियात, मंगोलियात, उत्तर चीनमध्ये. थंडी काढायची आफ्रिकेच्या दक्षिणेला. वाटेत काही आठवडे मुक्काम इथे, कारण याच दिवसांत इथल्या जमिनीतून पंख फुटलेली वाळवी बाहेर पडते. पुढे अरबी समुद्र न थांबता ओलांडायचाय. त्यासाठी अंगावर चरबी हवी, आणि ती इथे मिळते.

(दृश्य: होडी. वडील पुढे, मुलगा मागे वल्हं मारताना.)

पुढे बसलेत ते वडील. मागे वल्हं मारतोय तो मुलगा. पांगती गावचे, लोथा या नागा जमातीतले. आमचं नाव घेऊ नका, एवढी एकच अट त्यांनी घातली. बाकी काहीही विचारा म्हणाले.

हे पाणी इथे मुळात नव्हतं. दोयांग नदीवरचा ७५ मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प २००० साली सुरू झाला आणि खोऱ्यातली भातशेती पाण्याखाली गेली. डोंगराळ मुलखात सपाट जमिनीचा एकेक तुकडा किती मोलाचा असतो, आणि तो बुडताना बघणं म्हणजे काय, हे कोयनेच्या आणि उजनीच्या माणसांना वेगळं सांगायला नको. शेत गेलं तसं वडिलांनी बाजारातून नायलॉनची जाळी आणली. भात लावणारा माणूस वयाच्या तिशीत मासे धरायला शिकला.

आणि त्याच पाण्याच्या काठावर, दर ऑक्टोबरात, ससाण्यांचे थवेच्या थवे उतरायला लागले.

(दृश्य: अंगण. वडील रिकामं जाळं पसरतात. मुलगा दुसरं टोक धरतो.)

शिकार कशी व्हायची ते आम्ही त्यांना अंगणातच करून दाखवायला सांगितलं. जाळं तेच, मासळीचं. फक्त पाण्याऐवजी हवेत. मुक्कामाच्या झाडांमधली मोकळी जागा हेरायची, दोन उंच झाडांच्या किंवा बांबूंच्या मध्ये शेंड्याच्या उंचीवर जाळं ताणायचं. फार ताणलं तर पक्षी आपटून मागे फिरतो. थोडी झोळ ठेवली की तो आत येतो आणि त्याच्याच धडपडीने गुंततो. किती झोळ ठेवायची हे तोंडाने सांगता येत नाही, असं वडील म्हणतात आणि मुलाकडे बघतात. मुलगा हाताने दाखवतो. एवढी.

(दृश्य: मुलाच्या हातांचा क्लोजअप.)

हे त्याला वडिलांनी शिकवलंय. तेव्हा तो दहा-अकरा वर्षांचा होता. संध्याकाळी पक्षी झाडावर टेकायला येतात आणि पहाटे उठतात, त्या दोन्ही वेळांना जाळ्याखाली हजर राहायचं. आवाज करायचा नाही, खोकला आला तरी गिळायचा. पक्षी सोडवताना आधी पाय धरायचे, कारण नखं तिथे असतात. मग दोन्ही पंख मिटवून मुठीत घ्यायचे आणि नायलॉनचा धागा मानेवरून उलटा काढायचा. पोराची बोटं बारीक, म्हणून हे काम त्याच्याकडे. सोडवलेले पक्षी मोठ्या मच्छरदाणीत जिवंत ठेवायचे, म्हणजे बाजारात ताजे जातात. उरलेल्यांची पिसं काढून त्यांना चुलीवर धुरी द्यायची. विकायला निघाले की काठीला जुड्या बांधून गावोगाव. भाव, शंभर रुपयांना चार.

(दृश्य: घराची भिंत. रानडुकराच्या कवट्या. शेजारी येशूचं चित्र, खाली कॅलेंडर.)

ही भिंत आम्ही मुद्दाम घेतली. कवट्या आजोबांच्या काळातल्या. लोथा मुलखात अमेरिकन बाप्टिस्ट मिशनचं काम १८८५ मध्ये वोख्यात सुरू झालं. शिकार त्याच्या कितीतरी आधीची. नवा धर्म आला, जुने विधी गेले, पण बाप मुलाला रानात घेऊन जातो हे काही गेलं नाही. फक्त परतल्यावर पानावर बसण्याआधी आता प्रार्थना होऊ लागली. आज नागालँडमध्ये दर शंभरातले सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी लोक ख्रिस्ती आहेत. रविवारी सकाळी पांगतीत रस्त्यावर फिरलात तर चर्चमधल्या गाण्याशिवाय काही ऐकू येणार नाही.

ससाण्यांसाठीसुद्धा आभार मानले जायचे. वडील सांगतात, बायबलमध्ये आहे ना, वाळवंटात इस्राएल लोक मांसासाठी रडले, तेव्हा देवाने वारा सोडला आणि समुद्रावरून लावे पक्षी छावणीभोवती येऊन पडले. आमचं शेत पाण्यात गेलं आणि देवाने आम्हाला हे पाठवले. आम्ही घरी असंच म्हणायचो. मुलालाही तेच सांगायचो.

(दृश्य: २०१२ मधलं चित्रीकरण. जाळ्यात लटकणारे पक्षी. काठीवरच्या जुड्या.)

ही दृश्यं आमची नाहीत. २०१२ च्या ऑक्टोबरात काही जण इथवर पोचले: नागालँडच्या पत्रकार बानो हरालू, छायाचित्रकार रामकी श्रीनिवासन, रोकोहेबी क्वोत्सू, आणि आपल्या महाराष्ट्रातले पक्षी-अभ्यासक शशांक दळवी. पक्षी बघायला म्हणून आलेल्या माणसांना जे दिसलं ते तुम्ही बघताय. त्यांचा अंदाज होता दिवसाला बारा ते चौदा हजार पक्षी. कॉन्झर्व्हेशन इंडियाच्या संकेतस्थळावरून हा अहवाल जगभर गेला. काही दिवसांत वनखातं आणि प्रशासन येऊन जाळी उतरवून गेलं.

कायद्याने शिकार आधीपासून बंदच होती. पण इथल्या जमिनी आणि रानं गावांची, घराण्यांची. राज्यघटनेच्या ३७१-अ कलमाने नागा रूढींना संरक्षण दिलंय. गावसभेने मनावर घेतलं नाही तर बाहेरच्या हुकुमाचा कागद नुसता भिंतीवर लटकतो. मनावर घ्यायला लावलं ते बऱ्याच अंशी चर्चने, असं माझं मत आहे. सरकारी माणसं हे श्रेय आपल्याकडे घेतील, तो भाग वेगळा.

(दृश्य: रविवार. चर्च. बाकांवर गाव. पाळकांच्या हातात उघडं बायबल.)

त्या हिवाळ्यात आणि पुढच्या वर्षभरात मंडळीत पक्ष्यांवर प्रवचनं झाली. लाव्यांचीच गोष्ट एका रविवारी पाळकांनी वाचायला घेतली. वडील सांगतात, मला वाटलं आता आमच्या बाजूने बोलणार. पण ते थांबलेच नाहीत, पुढच्या ओळी वाचत गेले. लोक दिवसभर, रात्रभर आणि दुसऱ्या दिवशीही पक्षी गोळा करत राहिले. ज्याने सगळ्यांत कमी गोळा केले त्याच्याकडेही ढीग होता. मांस अजून दातांतच होतं, आणि देवाचा कोप झाला. हावरटांना जिथे पुरलं त्या जागेला तेच नाव पडलं. बायबलमधलं गणना हे पुस्तक, अकरावा अध्याय. वडील म्हणतात, गोष्ट मला पाठ होती, पण निम्मीच.

(दृश्य: संडे स्कूल. भिंतीवर मुलांनी काढलेले ससाणे.)

मुलाची गोष्ट वेगळी. तो संडे स्कूलमधून मत्तयाच्या शुभवर्तमानातला चिमण्यांचा भाग शिकून आला. दमडीला दोन चिमण्या विकतात, तरी पित्याला ठाऊक नसताना त्यांतली एकही जमिनीवर पडत नाही. घरी येऊन त्याने हिशोब मांडला. बाबा, आपण शंभरला चार विकतो. मग आपला पक्षी महाग की स्वस्त? आणि आपण किती पाडले ते देवाने मोजलं असेल का?

वडिलांनी त्याला गप्प बसायला सांगितलं. हे ते स्वतःच सांगतात. कॅमेऱ्यासमोर, मुलाच्या देखत.

(दृश्य: दोघांचे चेहरे. निवेदन नाही.)

२०१३ च्या हंगामाआधी पांगती, आशा आणि सुंगरो या गावांनी ठराव केले. जमीनमालकांच्या संघटना उभ्या राहिल्या, दंड ठरला, जाळी बांधणाऱ्यांतलेच काही राखणीला बसले. त्या हंगामात एकही ससाणा मारला गेला नाही. नोव्हेंबरात भारतीय वन्यजीव संस्थेच्या आणि हंगेरीच्या शास्त्रज्ञांनी तीन पक्ष्यांच्या पाठीवर पाच ग्रॅमचे, सौरऊर्जेवर चालणारे ट्रान्समीटर बसवले. त्यांची नावं ठेवली नागा, वोखा आणि पांगती. आपल्या गावाच्या नावाचा पक्षी आफ्रिकेत कुठे पोचला, याची चर्चा इथल्या शाळेत व्हायची. मुलगा अजून त्या वाटेचा नकाशा मोबाइलमध्ये बाळगतो.

(दृश्य: टेहळणी मनोरा. पर्यटक. मग रिकामी होमस्टे खोली.)

जाळ्यातून येणाऱ्या पैशाची जागा पर्यटनाने भरून काढली का? पुरती नाही. पाहुणे येतात ते थोडेच दिवस, आणि सगळे ससाणे दरवर्षी याच झाडांवर उतरतात असंही नाही. बंदूकही घरात अजून आहे, कारण वचन ससाण्यांपुरतं होतं.

(दृश्य: संध्याकाळ. मुलगा मनोऱ्यावर, वही हातात. वडील खाली.)

मुलगा आता हंगामात पाहुण्यांना वाट दाखवतो आणि थव्यांचा अंदाज वहीत लिहितो. जाळ्याखाली बसून जे शिकला, तेच इथे उपयोगी पडतं: वारा कुठून आहे, पक्षी कोणत्या झाडावर आधी टेकतील, किती वेळ चिडीचूप बसायचं. मनोऱ्यावर बोलणाऱ्या पर्यटकाकडे तो नुसता बघतो. बाप डिट्टो तसाच बघतो.

शेवटच्या दिवशी आम्ही त्यांना सांगितलं की यातले काही ससाणे पुढे आमच्या महाराष्ट्रावरून जातात. नोव्हेंबर-डिसेंबरात लोणावळ्याच्या पठारांवर ते दिसतात, आणि पुण्या-मुंबईचे लोक कॅमेरे घेऊन पहाटे तिथे पोचतात.

मुलाने विचारलं, तिथे त्यांना कोणी धरत नाही ना?

नाही म्हटलं. फोटो काढतात. गाडी घेऊन अगदी जवळ जातात.

वडिलांना हे पटलेलं दिसलं नाही. मुलाने भाषांतर करून सांगितलं, ते म्हणतायत, त्यांना तिथे उठवत जाऊ नका. पोटभर खाऊ द्या. पुढे समुद्र आहे.