कोपऱ्यातला प्लॉट आणि ट्राम

नमस्कार मंडळी. वावरातून येऊन हातपाय धुवून बसले असाल तर रेडिओचा आवाज थोडा वाढवा, आज विषय जरा वेगळा आहे.

समृद्धी महामार्ग झाला तेव्हापासून आपल्या भागात लेआउटवर लेआउट पडून राहिलेत, काल सोयाबीन होतं तिथं आज चुन्याच्या रेघा न रंगीत झेंडे. परवा त्यातल्याच एकाचं ब्रोशर हाती आलं. खाली दुकानं वर घरं, बाजूला शाळा, दवाखाना, ऑफिसं, याला म्हणे मिक्स यूज टाउनशिप म्हणतात. आता आपल्या बाजारओळीत आजोबांच्या काळापासून खाली किराणा न वर बिऱ्हाड हेच चालत आलं, तेव्हा कोणी त्याला इंग्रजी नाव दिलं नाही न भावही वाढवला नाही, ते असो. पण या चित्रात मधोमध चक्क ट्राम होती. पारावर सगळ्यांनी पाहिली, आणि एक म्हातारबा मले म्हणे, "काहो साहेब, शकुंतला परत येऊन राहिली काय?"

मी रस्त्याच्या कामावर ओव्हरसियर होतो, रिटायर झालो तरी लोक साहेब म्हणतात. तर म्हटलं नाही बावा, ट्राम वेगळी. आपली शकुंतला यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर धावायची, ७६२ मिलिमीटरचा अरुंद रूळ, १९९४ पर्यंत कोळशाचं इंजिन. ती टाकली कापसाच्या गाठी मुंबईकडे न्यायला, माणसं आपली गाठींच्या मागून चढली. ट्रामचं उलट आहे. ती माणसांसाठी, रस्त्यातच गाडलेल्या रुळावर, दर तीन-चारशे मीटरला थांबणारी. मुंबईत १८७४ ला घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९०७ ला विजेची आली आणि ३१ मार्च १९६४ ला बंद झाली. कलकत्त्यात तर १८७३ लाच घोडे जुंपले होते.

मग इथं होऊ शकते का? होऊ शकते, पण चित्र काढण्याइतकं सोपं नाही. पहिली अडचण आपल्या पायाखाली, काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात, तुमच्या घराच्या भिंतीला तडे जातात ते काहून जातात सांगा. तिच्यावर सरळ काँक्रीटचा पट्टा टाकून रूळ बसवला तर दोन पावसाळ्यांत तो वर-खाली होईल आणि ट्राम बंडीसारखी हिंदकळेल. म्हणून माती काढा, मुरूम भरा, दाबा, पाण्याला वाट करून द्या, मग पट्टा. वर आपलं ऊन. रूळ मोकळा सोडला तर १ किलोमीटरचा लोखंडी रूळ ४० अंश तापमान वाढलं की जवळपास दीड फूट लांब होतो, ते बळ धरून ठेवायचं म्हणजे रूळ नीट जखडून बसवावा लागतो. आणि नळाची लाइन, गटार, केबल हे सगळं रुळाखालून आधीच बाजूला काढायचं, नाहीतर पाइप फुटला की ट्राम बंद. आपल्याकडे पाइप फुटत नाही असं कोणी म्हणत असेल तर त्याला माझ्याकडे पाठवा.

हे सगळं पैशानं होतं. पैशानं न होणारी गोष्ट म्हणजे जागा. दोन रुळांना साधारण ७ मीटर, वर थांब्याचे ओटे, शिवाय ट्रामला रात्री उभं राहायला न धुवायला डेपो, आणि वीज द्यायला सबस्टेशन. ब्रोशरमधी डेपो कुठंच नाही. दुसरं, ती ट्राम टाउनशिपमधीच गोल गोल फिरते. अहो, ती जत्रेतली आगगाडी झाली! आठवडी बाजार, यष्टी स्टँड, तहसील, कॉलेज तिथं जात नसेल तर तिच्यात बसणार कोण? लोक काळीपिवळीनंच जाणार.

बाहेर कसं केलं ते ऐका. अमेरिकेत पोर्टलंडला जुन्या रेल्वे यार्डाच्या जागेवर पर्ल डिस्ट्रिक्ट नावाची वस्ती झाली. १९९७ ला शहरानं जमीनमालकाशी लेखी करार केला. एकरी १५ घरांची परवानगी होती, जुना पूल काढला की ८७, ट्रामचं काम लागलं की १०९, बगिचा झाला की १३१. म्हणजे शहर आपलं काम करत जाईल तशी मालकानं घरं दाट करायची. २००१ ला ट्राम सुरू झाली, रुळालगतच्या मालकांकडूनही तिच्यासाठी पैसा घेतला. मला हे लय आवडलं, कारण आपल्याकडे आधी प्लॉट विकतात आणि सोयीचं "पुढच्या फेजमधी पाहू" म्हणतात. जर्मनीत फ्रायबुर्ग शहरात रीझलफेल्ड नावाची नवी वस्ती आहे, तिथं पहिले लोक राहायला आले १९९६ ला आणि पुढच्याच वर्षी ट्राम दारात. ज्याच्या घरी आधीच मोटारसायकल आली तो मग ट्रामची वाट पाहत नाही, म्हणून घाई.

आता माझं मत विचाराल तर दोन-अडीच हजार घरांसाठी लगेच ट्राम आणू नये, दोनशे माणसांची गाडी रिकामी पळवून कोणाचं भलं होत नाही. पण ट्रामसाठी जागेचा पट्टा आजच राखून ठेवावा, त्यावर पाइप टाकू नये, त्यावरून आधी बस पळवावी, बाजारापर्यंत, आणि वस्ती भरली की रूळ.

आणि वळण. ट्राम काही ऑटो नाही की जागेवर फिरली. तिला वळायला १८-२० मीटरची त्रिज्या लागते. लेआउटमधी दोन तीस फुटी रोड काटकोनात भेटतात, ब्रोशरवर पट्टी ठेवून मोजलं तर ट्राम सरळ कोपऱ्यातल्या प्लॉटमधून जाते, कंपाउंड वॉल तोडून, तुळशीवृंदावनाजवळून. म्हणजे वळणाचे कोपरे विकायचेच नाहीत, आणि कोपऱ्याचा प्लॉट तर दोन्हीकडे रोड म्हणून सगळ्यात महाग जातो.

मी तिथल्या ऑफिसात जाऊन विचारलंही. पोट्टा चांगला होता, चहा पाजला, नकाशा पसरला न म्हणे काका, कोपरे सगळे बुक झाले, पहिल्याच दिवशी. त्यातला ट्रामच्या वळणावरचा जो प्लॉट, त्यावर नाव वाचलं तर आमच्या धाकट्या जावयाचं. घरी अजून सांगितलं नाही, त्यानं ऐकलं असेल तर आता फोन येईलच.