जुना टायर, भाताचं तूस आणि मधली फट

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचं आहे ते जुन्या टायरचं रबर आणि वनस्पतींचे तंतू किंवा राख यांच्या मिश्रणाबद्दल.

प्लॅस्टिकची बादली फुटली तर ती वितळवून दुसरी वस्तू करता येते. झिजलेल्या टायरचं तसं होत नाही. कितीही तापवा, तो वितळत नाही, शेवटी पेट घेतो. याचं मूळ १८३९ सालात आहे. रबरात गंधक मिसळून तापवलं की ते उन्हात चिकट होत नाही आणि थंडीत कडक पडत नाही, हे त्या वर्षी चार्ल्स गुडइयर यांना आढळलं. रबराच्या रेणूंच्या लांबलचक साखळ्या गंधकामुळे एकमेकींशी बांधल्या जातात. टायर इतका टिकतो तो या गाठींमुळेच, आणि टाकून दिल्यावर ढिगात पडून राहतो तोही त्यांच्यामुळेच.

हे रबर पुन्हा वापरायचं तर गाठी सोडवायच्या, पण साखळ्या तोडायच्या नाहीत, अशी ही कसरत आहे. त्यासाठी सूक्ष्मलहरी, श्राव्यातीत ध्वनी, रसायनं, यंत्रात जोराने मळणं असे मार्ग वापरतात. गंधकाचे बंध कार्बन-कार्बन बंधांपेक्षा कमजोर असतात, म्हणून हे शक्य होतं. पण या दोन्हींत फरक बेताचाच, त्यामुळे काही साखळ्या तुटतातच आणि परत मिळालेल्या रबरात नव्याची ताकद राहत नाही.

ही कमी भरून काढायला वनस्पतींकडे वळता येतं. लाकडाचा भुसा, नारळाचा काथ्या आणि ताग यांच्यात सेल्युलोजचे चिवट तंतू असतात. लाकडातून कागदाचा लगदा काढताना लिग्निन, म्हणजे लाकडातले तंतू एकत्र बांधून ठेवणारं द्रव्य, वेगळं होतं. ते बहुतेक जाळलंच जातं, पण टायरला बळकटी देणाऱ्या कार्बन ब्लॅकचा, म्हणजे बारीक काजळीचा, काही भाग त्याने भरून काढता येतो. भाताच्या तुसाच्या राखेत तर मुख्यतः सिलिकाच, म्हणजे वाळूतला मुख्य घटकच, असते; तीही रबराला बळकटी देते. या राखेतली सिलिका टायरमध्ये वापरायला सुरुवातही झाली आहे.

मात्र नुसतं मिसळून भागत नाही. या साऱ्या विषयात मला सर्वांत मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. रबर आणि तंतू यांचा तुकडा ओढून तोडा आणि तुटलेली बाजू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. तंतू अखंडच बाहेर सरकलेले दिसतात, त्यांचे पृष्ठभाग स्वच्छ असतात आणि जिथून ते निघाले तिथे रिकामी भोकं असतात. तंतूला पाणी प्रिय, रबराला नावडतं, म्हणून दोघांत फट राहते आणि ताण एकाकडून दुसऱ्याकडे पोचतच नाही. तंतू आधी कॉस्टिक सोड्यात भिजवले की वरचं मेण निघून पृष्ठभाग खरबरीत होतो. मग एका टोकाने तंतूला आणि दुसऱ्याने रबराला धरणारं सिलेन नावाचं रसायन लावतात. आता तोच तुकडा तोडला तर तंतू मध्येच तुटतात आणि त्यांच्या अंगाला रबराचे कण चिकटलेले दिसतात. जोड खरी झाल्याची ही खूण! तरीही भट्टी साधारण २०० अंश सेल्सियसच्या वर नेता येत नाही, कारण तंतू करपू लागतात.

एक गोष्ट मात्र मी ठामपणे सांगेन. तूस मिसळलं म्हणून ती वस्तू मातीत कुजणारी होत नाही, आणि निर्धोकही होत नाही. टायर हवेतल्या ओझोन वायूने तडकू नये म्हणून त्यात ६पीपीडी नावाचं रसायन घालतात. ओझोनशी संयोग होऊन त्याचा जो पदार्थ बनतो, तोच पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यांत जाऊन कोहो सॅमन मासे मारतो, हे अमेरिकेतल्या संशोधकांनी २०२० साली दाखवून दिलं. म्हणून टायरच्या भुग्यापासून बनलेली कोणतीही वस्तू उघड्यावर, पाण्यापावसात ठेवण्याआधी तिच्यातून काय झिरपतं ते तपासलंच पाहिजे. तंतू धुतलेल्या सोड्याच्या पाण्याचाही हिशेब त्यातच धरायला हवा.

आज या मिश्रणाला मला योग्य वाटणारी जागा छपराखालची आहे: यंत्रांखाली हादरे शोषणारे पट्टे, आवाज दाबणारे भिंतींचे तक्ते, गोदामातल्या लाद्या. तिथे नव्या रबराची ताकद लागत नाही आणि पावसाशी संबंध येत नाही. जुन्या टायरचं रबर पुन्हा नव्या टायरमध्येच घालायचं, तर आधी गाठी सोडवण्याचं तंत्र बरंच सुधारावं लागेल.

नमस्कार.