फियाट गेली, शेगडा आला

(दाराची कडी निघते. दोन फळ्यांचं लाकडी दार करकरत उघडतं. आत अंधार, मग एक दिवा.)

"मी संध्याकाळी गॅरेजमध्ये असते," असं कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "कुठे आहे हो? आमच्या स्कूटरचं सर्व्हिसिंग करून मिळेल का?" मराठीत गॅरेज म्हणजे मेकॅनिकचं. घरची गाडी ठेवायच्या खोलीलाही आपण गॅरेजच म्हणतो, पण तिथे गाडीशिवाय दुसरं काही चालत असेल हे कुणाच्या डोक्यात येत नाही. त्यातून बाई काम करत असेल, हे तर नाहीच नाही.

हे ते गॅरेज. पुणे, सहकारनगर. 8 फूट रुंद, 17 फूट लांब. आजोबांनी बंगल्याबरोबर बांधलं ते त्यांच्या फियाटच्या मापानं. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली ही गाडी, पुढे जिला सगळे पद्मिनी म्हणायला लागले, ती रुंदीला जेमतेम 1.46 मीटर होती. दोन्ही बाजूंना दारं उघडून माणसं आरामात उतरायची. आताची आमची गाडी आरसे मिटून आत शिरते, पण मग आतला माणूस बाहेर येऊ शकत नाही. म्हणून ती रस्त्यावर उभी असते आणि गॅरेज रिकामं होतं. रिकामं म्हणजे काय, तर जुनी रद्दी, तुटका पाळणा, रंगाचे सुकलेले डबे आणि कोपऱ्यात फियाटचा एक टायर.

तो टायर अजून आहे. टाकवत नाही.

(जमिनीवर ठेवलेली छोटी गोटी दाराकडे घरंगळत जाते.)

पहिला धडा या गोटीनं दिला. गॅरेजची जमीन सपाट नसते. धुतलेलं पाणी बाहेर जावं म्हणून गवंडी तिला दाराकडे उतार देतो. इथे मागच्या भिंतीपासून दारापर्यंत साधारण 2 इंच. गाडीला त्याचं काही वाटत नाही. पण मी हौसेनं 6 फुटांचं टेबल आणून ठेवलं, त्यावर पेन्सिल ठेवली आणि ती चालायला लागली. मग ड्रिलचं पातं. मग मी. म्हणजे मी तिच्यामागे, खाली वाकून.

हे सगळं शेजारचे काका कुंपणापलीकडून बघत होते. पिंपरीत एका कारखान्याच्या टूलरूममध्ये 34 वर्षं फिटर. निवृत्त झाल्यापासून त्यांच्या हातांना काम नव्हतं आणि माझ्या कामाला हात नव्हते. ते आत आले, टेबलाला एक धक्का दिला, टेबल डुललं. "अगं, हे जेवायचं टेबल आहे. याच्यावर कानस मारलीस तर कानशीबरोबर टेबलही पुढे जाईल." मग म्हणाले, "आधी शेगडा आण. मग त्याला पेलेल असं टेबल कर."

कानस म्हणजे घासायची फाइल. आणि शेगडा म्हणजे व्हाइस. काम घट्ट धरून ठेवणारा तो ओतीव लोखंडाचा जबडा. नवीन पिढीचे फिटर व्हाइसच म्हणतात, पण काकांच्या तोंडी शेगडाच आणि आता माझ्याही.

(जुना बाजार. गर्दी, पथाऱ्या, गंजलेल्या हत्यारांचे ढीग.)

आमचा जुना बाजार मंगळवार पेठेत भरतो, बुधवारी आणि रविवारी. पेठेचं नाव आणि बाजाराचा वार यांचा मेळ घालायच्या भानगडीत पडू नये. इथे कारखान्यांतून निघालेलं भंगार येतं आणि त्यात कधी कधी सोनं असतं. काकांनी पाच इंची शेगडा उचलला. आधी त्याचे जबडे मिटले आणि उजेडासमोर धरले. वरून घट्ट आणि खालून फट दिसली तर ठेवून द्यायचा. मग दांडा उलटसुलट फिरवला. पाव फेरा मोकळा जाऊन मग जबडा हलतो, इतपत चालतं. अर्धा फेरा मोकळा गेला तर स्क्रूचे आटे खाल्ले गेलेत. शेवटी हातोडीनं हलकेच टकटक. भेग असेल तर आवाज बद्द येतो. माठ घेताना आई जे करते, तेच.

याच्या बरोबर उलटा अनुभव रविवार पेठेत, बोहरी आळीत. ड्रिलच्या पात्यांचा संच हवा होता. दुकानदारानं माझ्याकडे बघितलं, माझ्या मागे कुणी पुरुष आहे का ते बघितलं, आणि म्हणाला, "साहेबांना फोन लावून द्या ना, नक्की काय पाहिजे ते विचारतो." मी म्हटलं, "लोखंडासाठी एच.एस.एस., सरळ शँक, 1 ते 10, अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरनं." त्यानं मुकाट्यानं डबा काढला. दुकानाचं नाव सांगत नाही. दुसऱ्यांदा गेले तेव्हा चहा पाजला त्यानं.

(जाड लाकडी फळी. तिच्यावरून चुंबक फिरतं आहे.)

कामाच्या ओट्याची, म्हणजे शेगडा पेलेल अशा टेबलाची, फळी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणली. पाडलेल्या वाड्याचं सागवान. हे लाकूड सुकून, आखडून, जे काय व्हायचं ते होऊन बसलेलं असतं, त्यामुळे आता वाकत नाही. पण त्यात मोडलेले खिळे लपलेले असतात. एक खिळा आणि करवतीचे चार दात गेले. म्हणून आधी चुंबक दोऱ्याला बांधून फळीवरून फिरवायचं. जिथे ते थबकतं, तिथे खडूची फुली. या एका फळीत 11 फुल्या निघाल्या. कुणीतरी शंभरेक वर्षांपूर्वी इथे काहीबाही टांगलं असणार.

उंची किती ठेवायची? काकांनी मला ओट्याजवळ उभं केलं, कोपर वाकवायला लावलं. शेगड्याच्या जबड्याची वरची कड कोपराच्या पातळीत. खाली असेल तर कंबर जाते, वर असेल तर खांदे. बाजारातले तयार ओटे पुरुषांच्या उंचीचे. हा माझ्या उंचीचा आहे, आणि काका कुरकुरतात की त्यांना वाकावं लागतं. जमिनीच्या उतारामुळे ओट्याच्या दोन टोकांत पाऊण इंचाचा फरक पडत होता. पाण्याच्या नळीनं लेव्हल काढून दाराकडचे पाय तेवढे लांब केले.

पायांवरून एक कबुली. मी ते जुन्या नळाच्या पायपांपासून केले. फुकटचे होते. वेल्डिंग मीच केलं, पावसाच्या भीतीनं दार लोटून घेऊन. पांढरा धूर झाला, मला वाटलं रॉडचा असेल. रात्री थंडी वाजून आली. तोंडात गोडसर लोखंडी चव, अंग मोडून आलेलं, दोन गोधड्या घेऊनही दात वाजत होते. नळाच्या जी.आय., म्हणजे गॅल्व्हनाइज्ड, पाइपवर जस्ताचा थर असतो. पोलाद वितळतं 1500 अंश सेल्सियसच्या आसपास, आणि जस्त 907 अंशांनाच उकळून वाफ होतं. ती वाफ मी तासभर घेतली होती. दुसऱ्या दिवशी उतरलं सगळं, पण काका पहिल्यांदाच माझ्यावर चिडले.

"आमच्याकडे वेल्डरला दूध द्यायचे," ते म्हणाले.

"दुधानं काय होतं?"

"काही होत नाही. दार उघडं ठेवायचं आणि जस्त आधी घासून काढायचं. तेही तोंडाला मास्क लावून."

(विजेचा छोटा बोर्ड.)

विजेचं थोडक्यात सांगते, कारण ते काम माझं नाही, परवानाधारक वायरमनचं आहे. जुन्या गॅरेजमध्ये एक बल्ब आणि एक पाच अँपिअरचं सॉकेट. वेल्डिंगचा अडीच मिलिमीटरचा रॉड 70-80 अँपिअरवर जळतो. वेल्डिंगचं इन्व्हर्टर मशीन त्यासाठी घरच्या लाइनमधून 12-15 अँपिअर ओढतं. जुन्या वायरीवर ते लावलं की स्वयंपाकघरातला दिवा मंद व्हायचा आणि आतून आईची हाक यायची. आता मीटरपासून वेगळी 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आहे, नीट अर्थिंग आहे, आणि 30 मिलिअँपिअरची गळती झाली तरी वीज तोडणारा आर.सी.सी.बी. आहे.

पण दिव्याची गंमत सांगायलाच हवी.

(ड्रिल मशीनचा चक, म्हणजे पातं धरणारा भाग, फिरतो आहे. कॅमेरा जवळ जातो. मशीनचा आवाज चालू, चक मात्र थांबल्यासारखा.)

हे नीट बघा. हा कॅमेऱ्याचा खेळ नाही, सुरुवातीला माझ्या डोळ्यांनाही असंच दिसायचं. आपली वीज सेकंदाला 50 आवर्तनांची, त्यामुळे जुनी ट्यूबलाइट सेकंदाला 100 वेळा उजळते आणि मंदावते. या चकला तीन जबडे आहेत. मिनिटाला 2000 फेरे, म्हणजे सेकंदाला तेहतीस आणि एक तृतीयांश. दोन उजेडांच्या मधे चक बरोब्बर एक तृतीयांश फिरतो, आणि पहिल्या जबड्याच्या जागी दुसरा येऊन बसतो. डोळ्यांना वाटतं, थांबलाय. फार तर सावकाश मागे सरकतोय. अशा वेळी कुणी काम काढायला हात घातला तर! आता मशीनवर साधा पिवळा बल्ब आहे. त्याची तार तेवढ्या वेळात थंड होत नाही, म्हणून तो लुकलुकत नाही.

आणि दारामागची ही खुंटी. या गॅरेजमध्ये सगळ्यात आधी ठोकली ती हीच. ओढणीसाठी. ओढणी खुंटीला, केस बांधलेले, हातमोजे ड्रिलजवळ अजिबात नाहीत. फिरत्या पात्यानं मोज्याचा एक धागा पकडला की बोट त्याच्यामागून जातं.

गॅरेजचा विषय निघाला की लोक अमेरिकेत पोहोचतात. पालो आल्टोमधलं हेवलेट आणि पॅकार्ड, म्हणजे एच.पी. कंपनीवाले, यांचं ते गॅरेज, 1938 साल, 538 डॉलरचं भांडवल. 12 फूट बाय 18 फूट होतं ते, माझ्यापेक्षा 4 फूट रुंद. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं, तिथून पुढे लोखंडी नांगरापर्यंत गेले. छान आहे. पण मला या गोष्टींतलं कंपनी झाल्यानंतरचं काही आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की पालो आल्टोच्या त्या गॅरेजात अगदी सुरुवातीला जे सामान होतं त्यात एक जुना ड्रिल प्रेस होता. बाकी माझ्या गॅरेजमधून कुठलीही कंपनी निघणार नाहीये. इथून निघतं ते मखर.

(भिंतीला उभे टेकलेले प्लायवूडचे रंगवलेले तुकडे.)

2018 मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि आमच्या घरच्या गणपतीचं दरवर्षीचं विकतचं मखर गेलं. मी ठरवलं, प्लायवूडचं करायचं. खिळा नाही, गोंद नाही. तुकडे खाचांत एकमेकांत अडकवायचे, दहा दिवसांनी सोडवायचे आणि वर्षभर भिंतीला टेकवून ठेवायचे.

12 मिलिमीटरचा प्लाय आणला, 12 मिलिमीटरच्या खाचा आखल्या, जिग सॉनं कापल्या. जोडलं तर कमान दारूड्यासारखी झुलायला लागली. काकांनी खिशातून व्हर्निअर, म्हणजे बारीक मापं घ्यायची पट्टी, काढला. त्यांच्या खिशात तो असतोच, दुसऱ्यांच्या चष्मा असतो तसा. प्लाय भरला 11.2. प्रत्येक खाचेत 0.8 मिलिमीटरची पोकळी, आणि खाचा 14. सगळं परत.

(कानशीचा आवाज, अगदी जवळून.)

या वेळी खाच आखली ती त्याच प्लायचा तुकडा उभा धरून. आकडा नाहीच. रेषेच्या आत कापायचं आणि उरलेलं कानशीनं आणायचं. शेगड्यात प्लाय धरताना दोन्हीकडे लाकडाच्या चकत्या, नाहीतर जबड्याचे दात उमटतात. कानस फक्त पुढे जाताना कापते, मागे येताना उचलायची. आधी खर्रखर्र आवाज येतो, जाड. खाच रेषेला आली की तो बारीक होतो, सुर्र. तिथे थांबायचं. तुकडा लावून बघायचा. अंगठ्यानं दाबला आणि कण्हत कण्हत आत गेला तर बरोबर. हातोडी लागली तर अजून दोन हात कानस. आपोआप पडला, तर नवा तुकडा कापायचा.

हे आठवं वर्ष नाही तर नववं असेल या मखराचं. आता गणपतीच्या आधी पंधरा दिवस हे गॅरेज माझं उरत नाही. कुणाला चौरंगाचा पाय बसवायचा असतो, कुणाला समईची वाकडी दांडी सरळ करायची असते. पावसानं हत्यारांवर तांबूस गंज चढतो, तो तेलाच्या फडक्यानं पुसायला मुलं येतात, कारण नंतर त्यांना पिवळ्या बल्बखाली ड्रिलचं हॅंडल ओढायला मिळतं.

(भिंतीवरचा फळा. पक्कड, हातोडी, पाने, प्रत्येकामागे पांढऱ्या रंगात त्याची आकृती. एक आकृती रिकामी.)

हत्यारांचा हा फळा काकांनी लावला. प्रत्येक हत्याराच्या मागे त्याचं चित्र, म्हणजे काय गेलंय ते दारातून दिसतं. पान्यांचा संच बघा. 6-7, 8-9, मग ही रिकामी जागा, मग 12-13. दहा-अकराचा पाना जून महिन्यात दोन घरं सोडून पलीकडे गेला. स्कूटरची बॅटरी काढायची होती, पाच मिनिटांत आणून देतो म्हणाले.

(दारात एक मुलगा, भिजलेला.)

"मावशी, बाबांनी बारा-तेराचा पाना मागितलाय."

"आणि दहा-अकराचा?"

"तो सापडला की आणतो."